वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योगपती होते. बांधकाम, साखर, जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमान आणि मोटार अशा परस्परांपासून दूरच्या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभे केले. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स या संस्थांच्या स्थापनेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. भारतीय जहाजवाहतुकीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

वालचंदांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. गुजराती दिगंबर जैन असलेले हे कुटुंब व्यापारासाठी सोलापुरात येऊन स्थायिक झाले होते. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार करीत; जैन समाजातील सुधारक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. वालचंद तान्हे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. १८९९ साली सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबई व पुणे येथे त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले, परंतु पदवी न घेताच ते पेढीवर परतले.

पेढीच्या कामात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून म्हणून काम केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी ठेकेदारी पत्करली आणि सोलापूरजवळच्या बार्शी लाइट रेल्वेचे काम मिळवले. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची हिंमत होती. पुढे ही भागीदारी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानसा जलवाहिनी ही त्या काळातील मोठी कामे होत. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

जहाजे, साखर आणि विमाने

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस असल्याचे कळताच वालचंदांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासह ते विकत घेतले आणि सिंधिया कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंधियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला, तरी कंपनी टिकली. १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या ‘जल उषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरू यांनी केले.

नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील कळंब येथे त्यांनी उसाची शेती व साखर कारखाने उभारले. कळंबची वसाहत पुढे वालचंदनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना झाली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने हा कारखाना आपल्याकडे घेतला.

मोटार उद्योग

वालचंदांविषयी लिहिताना जहाजांना मानाचे पान मिळते आणि मोटारीचा उल्लेख ओझरता होतो. वास्तविक त्यांची सर्वांत चिवट लढाई मोटारीसाठी होती. १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडी येथे चालू होता; फोर्डनेही पाठोपाठ भारतात जुळणी सुरू केली. या कारखान्यांत परदेशातून आलेल्या पेट्या उघडून गाड्या जोडल्या जात, भाग मात्र येथे बनत नसत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत मोटार कारखान्याची योजना आखली. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेस गेले. फोर्डशी झालेली बोलणी फळाला आली नाहीत. क्रायस्लर कंपनीशी मात्र १९४० मध्ये करार झाला. महायुद्ध सुरू असताना सैन्याला मालमोटारींची निकड असूनही भारत सरकारने या कारखान्याला आवश्यक ते सहकार्य दिले नाही. परिणामी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ पर्यंत लांबली आणि कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडण्यास १९४७ साल उजाडले.

येथून क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारी आणि डॉज व फार्गो या मालमोटारी निघू लागल्या. डॉज आणि फार्गो या एकाच घडणीच्या गाड्या. फरक मुख्यतः नावाच्या पट्टीचा.

थंड इंजिनाची परीक्षा

या मालमोटारींत कार्ब्युरेटर असलेले सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला बसवलेल्या असत आणि विजेची व्यवस्था ६ व्होल्टची होती. इंजिन साधे व दणकट होते, पण रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करणे हे चालकाच्या कसोटीचे काम असे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून कार्ब्युरेटरच्या तोंडाची पाकळी मिटायची, हवा कमी करायची आणि पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे, अशी रीत होती.

मात्र सोलापुरासारख्या उष्ण प्रदेशात हिवाळ्याची पहाटही फारशी गार नसते. तेथे गाडी न पकडण्याचा दोष थंडीवर ढकलणे बहुधा चुकीचे ठरते. कारण अन्यत्र शोधावे लागते आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम स्टार्टर इंजिन किती जोमाने फिरवतो ते पाहतात. ते रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर क्षार साचलेला असतो. ६ व्होल्टच्या व्यवस्थेत तेवढ्याच कामासाठी दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे किंचित गंजलेला जोडही भोवतो. हँडल मारल्यावर गाडी सुरू होते आणि स्टार्टरने होत नाही, असे दिसले तर संशय बॅटरी, तिच्या तारा किंवा स्टार्टर यांवरच जातो.

इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकावतात आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने हलवतात. आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. ती उडत नसेल, तर एक शक्यता अशी की फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल उडून गेले आहे. उन्हाळ्यात असे सहज घडते. अशा वेळी इंजिनावर चालणाऱ्या पंपाला वाटी भरण्यासाठी बरेच फेरे द्यावे लागतात. पंपाचा पडदा फाटला असेल, तर कितीही फेरे देऊन उपयोग होत नाही. चोकची मूठ पूर्ण बाहेर येते पण तार स्क्रूपाशी घसरल्याने पाकळी अर्धवटच मिटते, हा दोषही नेहमीचा; केबिनमध्ये बसून तो कळत नाही.

त्यानंतर प्लग काढून पाहतात. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर ठिणगी तरी कमजोर आहे किंवा चोक अधिक वेळ ओढला गेला आहे. चोक जास्त झाला असल्यास तो आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन फिरवले की साचलेले पेट्रोल निघून जाते. ठिणगी कमजोर असल्यास डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट घासून त्यांतील फट जुळवतात आणि कंडेन्सर तपासतात. पावसाळ्यात टोपीच्या आतील ओल पुसल्यानेच काम भागते. एवढे करूनही गाडी हटून बसली, तर दाब तपासावा लागतो. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर रिंग झिजलेल्या आहेत. वाढला नाही तर बहुधा झडपा नीट बसत नाहीत. हा शेवटचा दोष दुरुस्तीचा खर्च वाढवणारा, म्हणून तो गृहीत धरून इंजिन उघडण्याची घाई जाणता मिस्त्री करीत नाही.

पडदा, पॉइंट, कंडेन्सर, जेट या वस्तू मुठीत मावतील एवढ्या. पण त्यांपैकी एकही मिळाली नाही तर मालाने भरलेली गाडी जागीच उभी राहते. नुसत्या जुळणीच्या कारखान्याने देशाचे परावलंबन संपत नाही, हे यावरून स्पष्ट होते. प्रीमियरलाही प्रारंभी पेट्यांतून आलेले भागच जोडावे लागले. देशी भागांचे प्रमाण नंतर हळूहळू वाढत गेले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, भाग येथे बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कंपन्यांना भारतात स्थान राहिले नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकून राहिली. पुढे डिझेल इंजिनाच्या मालमोटारींनी, विशेषतः १९५४ पासून निघू लागलेल्या टाटा-मर्सिडीज-बेंझ गाड्यांनी, पेट्रोलच्या मालमोटारींना रस्त्यावरून मागे सारले.

अखेरची वर्षे व स्मृती

वालचंद हे १९३२-३३ मध्ये फिक्कीचे अध्यक्ष होते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापनाही त्यांच्याच पुढाकाराने १९२७ मध्ये झाली. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा केली. टॅरिफ कमिशनच्या धोरणाचे परिणाम पाहण्यास ते राहिले नाहीत. त्यांच्या पश्चात प्रीमियर ऑटोमोबाइल्सची धुरा बंधू लालचंद हिराचंद यांनी वाहिली. फियाटच्या सहकार्याने तेथे तयार झालेली मोटार पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने आणि मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी ठाऊक झाली.

गं. दे. खानोलकर यांनी वालचंदांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सोलापुरातील वालचंद महाविद्यालय व वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मुंबईतील बॅलार्ड इस्टेटमधील रस्ता यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.