फ्रेडरिक फ्रोबेल

शिक्षक व्हावयाचें ठरल्यावर अध्यापनाचें शिक्षण कोठें घ्यावें, हा प्रश्न आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या कित्येक मुलामुलींपुढें व त्यांच्या आईबापांपुढें उभा राहतो. किंडरगार्टनचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल ह्यानें हा प्रश्न सोडविण्यांत आयुष्याचीं अकरा वर्षें घालविलीं.

जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत ओबरवाइसबाख गांवीं ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं त्याचा जन्म झाला. वडील लूथरपंथी मंडळीचे पाळक होते. मूल नऊ महिन्यांचें असतांच आई वारली. सावत्र आईच्या घरीं त्याची आबाळ झाली. दहाव्या वर्षीं मामानें त्यास आपल्या घरीं नेलें. पुढें वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी झाली. येना विद्यापीठांत नांव घातलें, पण कर्जापायीं विद्यापीठाच्या कोठडींत नऊ आठवडे काढावे लागले व शिक्षण अर्धवट राहिलें.

सन १८०५ मध्यें तो वास्तुविद्या शिकण्यासाठीं फ्रांकफुर्टला गेला. तेथील नमुना-शाळेचा मुख्याध्यापक ग्रुनर ह्यानें त्यास शिक्षक होण्याचा सल्ला दिला व जागाही देऊं केली. फ्रोबेलनें ती घेतली. परंतु आपणांस शिकवितां येतें कीं नाहीं, ही शंका त्याच्या मनांत होतीच. म्हणून तो स्वित्झर्लंडांत यव्हर्डन येथें थोर शिक्षणशास्त्रज्ञ पेस्टालॉझीची शाळा पाहण्यास गेला. तेथें तो दोन आठवडे राहिला. तेवढ्या भांडवलावर जन्मभर शिकविणारे कांहीं थोडे नाहींत! फ्रोबेलचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं.

एका सरदार घराण्यांतील तीन मुलांचा तो खासगी शिक्षक झाला, आणि १८०८ सालीं त्या मुलांसहच पुन्हां यव्हर्डनला जाऊन दोन वर्षें राहिला. एकीकडे शिकवावें, दुसरीकडे स्वतः शिकावें, असा हा क्रम होता. मुलांस वस्तु प्रत्यक्ष दाखवून शिकविण्याची पेस्टालॉझीची रीत त्यास मनापासून पटली. मात्र एका विषयाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं, आणि शिक्षकांत तंटे आहेत, हेंही त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. गुरूविषयीं आदर राखूनही त्याच्या पद्धतींतील उणीव पाहणें सोपें नसतें.

हा मेळ शोधण्यासाठीं तो १८११ मध्यें गटिंगेन व पुढील वर्षीं बर्लिन विद्यापीठांत दाखल झाला. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा शिक्षक स्फटिकांचें शास्त्र शिकूं लागला. स्फटिक नियमानें आंतून बाहेर वाढतो, तसेंच मूलही वाढतें, ही कल्पना त्याच्या मनांत येथें दृढ झाली. मध्यें नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत तो स्वयंसेवक झाला. तेथें भेटलेले लांगेथाल व मिडेनडॉर्फ हे त्याचे जन्माचे सहकारी ठरले.

१८१६ सालीं ग्रीसहाइम येथें पांच पुतण्यांना घेऊन त्यानें शाळा उघडली. पुढच्या वर्षीं ती काइलहाऊला नेली. १८४० मध्यें ब्लांकेनबुर्ग येथील आपल्या बालशाळेस त्यानें किंडरगार्टन, म्हणजे मुलांचा बगीचा, हें नांव दिलें. चेंडू, घन, नळकांडें अशा साध्या खेळण्यांतून मुलें तेथें शिकत. अशा शाळांसाठीं शिक्षिका हव्यात व त्यांस रीतसर तयार केलें पाहिजे, असें त्याचें मत होतें. म्हणून शेवटच्या वर्षांत तो तरुण स्त्रियांस हें काम शिकवीत राहिला.

१८५१ मध्यें प्रशियाच्या सरकारनें धर्मविरोधाच्या संशयावरून किंडरगार्टनांवर बंदी घातली. पुतण्या कार्ल ह्याच्या लेखनाचा ठपका चुलत्यावर आला, असें मानतात. ता. २१ जून १८५२ रोजीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्यें. श्वाइना गांवीं त्याच्या थडग्यावर दगडी घन, त्यावर नळकांडें व त्यावर गोल बसविलेला आहे.