उजवा गेला, डावा घडवला : कारोली ताकाचची नेमबाजी

१९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीच्या राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेत कारोली ताकाच दिसला, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी पुढे होऊन त्याची विचारपूस केली. आदल्या वर्षी त्याच्यावर काय प्रसंग गुदरला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. सामने पाहायला आला, बरे केले, असेच त्यांना वाटले. आपण पाहायला नाही, खेळायला आलो आहोत, असे त्याने सांगितले आणि ती स्पर्धा जिंकूनही दाखवली. डाव्या हाताने.

ही गोष्ट मोबाइलवर फिरत फिरत बहुतेकांपर्यंत पोहोचली आहे. नावाचे उच्चार निरनिराळे असतात, शेवटी इच्छाशक्तीवरचे एक वाक्य असते. इच्छाशक्ती होतीच, पण नुसत्या इच्छाशक्तीने २५ मीटरवरच्या लक्ष्यात गोळी बसत नाही. त्यासाठी हात, डोळा, मेंदू आणि पिस्तुलावरच्या साइट्स यांचा मेळ बसावा लागतो. हात बदलला की हा सगळा मेळ मोडतो.

ताकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. तो सैन्यात गेला आणि १९३६ पर्यंत जगातल्या उत्तम पिस्तूल नेमबाजांत गणला जाऊ लागला. त्या वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकच्या संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. तो सार्जंट होता आणि हंगेरीच्या नियमानुसार संघात फक्त कमिशन मिळालेले अधिकारी घेतले जात. बर्लिननंतर ही अट गेली. आता नजर १९४० च्या ऑलिंपिककडे होती. १९३८ मध्ये सैनिकी सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला आणि नेमबाजीचा हात निकामी झाला.

महिनाभर तो रुग्णालयात होता. बाहेर आल्यावर कोणालाही न सांगता त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला.

उजव्या हाताने वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य त्या हाताबरोबर संपले होते का? पूर्णपणे नाही. नेमबाजीतला मोठा भाग हातात नसतो, मेंदूत असतो. दोन साइट्स कशा जुळलेल्या दिसल्या पाहिजेत, श्वास कुठे थांबवायचा, चाप किती सावकाश दाबायचा, गोळी सुटल्यावर हात किती वेळ तसाच धरायचा, हे ज्ञान कोणत्याही एका हाताच्या मालकीचे नसते. एका हाताने शिकलेले काम दुसरा हात नवशिक्यापेक्षा लवकर शिकतो, हे प्रयोगांत अनेकदा दिसले आहे. एका हाताच्या स्नायूंना व्यायाम दिला तर दुसऱ्या हाताची ताकदही थोडी वाढते. अर्धांगवायू झालेल्या किंवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या रुग्णांच्या उपचारात या गुणाचा उपयोग केला जातो. पण मनगटाची स्थिरता, खांद्याचा दम आणि बोटाचा नाजूकपणा डाव्या हाताला नव्यानेच कमवावा लागतो.

शिवाय हत्यारही बहुतेक वेळा उजव्यांसाठी घडवलेले असते. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळहाताच्या उंचसखल आकाराप्रमाणे कोरतात. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसतच नाही. सेफ्टीचा खटका उजव्या अंगठ्याच्या सोयीने लावलेला असतो. आणि डोळा? बहुतेकांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा प्रभावी असतो, साधारण दोनतृतीयांश लोकांचा उजवा. हात बदलला तरी प्रभावी डोळा बदलत नाही. डाव्या हातात पिस्तूल आणि नेम उजव्या डोळ्याचा, असा तिढा त्यातून होतो. रायफल गालाला टेकवायची असल्याने तिथे ही मोठीच अडचण असते. पिस्तूल हातभर लांब असते, त्यामुळे मान किंचित वळवून किंवा पिस्तूल थोडे आत आणून भागते. काही जण दुसऱ्या डोळ्यासमोर चष्म्याला छोटी झापड लावतात.

राष्ट्रीय विजेतेपद मिळाले त्याच वर्षी लुसर्नच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही ताकाच होता. मग महायुद्ध आले. १९४० चे ऑलिंपिक झाले नाही, १९४४ चेही नाही. एखाद्या खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे अशी निघून जावीत, याला अपघातापेक्षा कमी नुकसान म्हणता येणार नाही. १९४८ मध्ये लंडनला तो उतरला तेव्हा ३८ वर्षांचा होता.

त्याचा प्रकार होता २५ मीटर रॅपिड फायर. समोर एका ओळीत पाच लक्ष्ये, प्रत्येकावर एक गोळी. पाच गोळ्यांसाठी आधी आठ सेकंद, मग सहा आणि शेवटी चार. चार सेकंदांत हात खालून वर आणायचा, पहिली गोळी झाडायची, धक्का सावरायचा आणि पुढच्या लक्ष्यावर जायचे. प्रत्येक गोळीच्या वाट्याला एक सेकंदही येत नाही. अर्जेंटिनाचा जगज्जेता कार्लोस एन्रिके दियास साएन्स वालियेंते याच्याकडे संभाव्य विजेता म्हणून पाहिले जात होते. त्याने ताकाचला आश्चर्याने विचारले की तू इथे कसा. शिकायला आलो आहे, असे ताकाचने सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. ६० गोळ्यांत ५८० गुण करून, जागतिक विक्रमासह, ताकाच पहिला आला. वालियेंते ५७१ वर राहिला. तुझे पुरेसे शिकून झाले आहे, असे त्याने पदकसमारंभानंतर कबूल केले म्हणतात.

हे ५८० किती बारीक हिशेबाचे आहेत, ते साइट्सवरून कळते. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच असते, नळीच्या टोकाला एक उभी पट्टी. पट्टी खाचेच्या मधोमध, दोन्हींची वरची कड एका रेषेत आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड, असे चित्र दिसले पाहिजे. दोन्ही साइट्समधले अंतर २० सेंटिमीटर धरले तर २५ मीटर हे त्याच्या १२५ पट होतात. म्हणजे पट्टी खाचेत मिलिमीटरचा एक दशांश भाग सरकली, तर गोळी साडेबारा मिलिमीटर सरकते. हात सगळाच्या सगळा थोडा डोलला तर त्याचे एवढे बिघडत नाही, पण मनगट वाकून साइट्सचा आपापसातला मेळ सुटला की ती चूक अशी पटीत वाढते. ताकाचच्या डाव्या मनगटाने दहा वर्षांत नेमके हेच आवरायला शिकले होते.

१९५२ मध्ये हेलसिंकीला तो पुन्हा जिंकला, ५७९ गुणांनी. त्याच्याच देशाचा सिलार्ड कुन एका गुणाने मागे राहिला. या प्रकारात ऑलिंपिक सुवर्ण राखणारा ताकाच पहिलाच. शारीरिक उणिवेसह ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारे मात्र त्याआधीही होते. लाकडी पायाने १९०४ मध्ये जिम्नॅस्टिक्स गाजवणारा जॉर्ज आयझर आणि गुडघ्याखाली डावा पाय नसताना १९३२ व १९३६ मध्ये वॉटर पोलो जिंकणारा हंगेरीचाच ओलिव्हेर हालाशी. मेलबर्नला १९५६ मध्ये ताकाच आठवा आला. तेव्हा त्याचे वय ४६ होते.

चाळिशीचा चष्मा हा पिस्तूल नेमबाजाचा जुना शत्रू आहे. डोळ्याला एकाच वेळी मागची खाच, पुढची पट्टी आणि लक्ष्य ही तिन्ही स्पष्ट दिसत नाहीत, तरुणपणीही नाही. नियम असा की पट्टी स्पष्ट हवी, लक्ष्य पुसट चालेल. चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग कडक होते आणि हातभर लांबची पट्टीच पुसट होऊ लागते. पुष्कळ जण मग वाचनाचा चष्मा लावून रेंजवर येतात. तो ४० सेंटिमीटरवरच्या वर्तमानपत्रासाठी असतो, पट्टी त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर असते. त्या चष्म्यातून पट्टीही नीट दिसत नाही आणि लक्ष्य पार धुक्यात जाते. डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मोजून नेत्रतपासणीच्या वेळी सांगावे. दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण अधिक मिळवून बरेचदा काम होते. बायफोकल इथे गैरसोयीचा, कारण मान वर करून खालच्या काचेतून पाहावे लागते.

नाशिकला नेमबाजी नवी नाही. पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर भीष्मराज बाम यांनी इथे राहून खेळाडूंच्या मनाच्या तयारीचे काम केले आणि त्याला योगाची जोड दिली. २०१७ मध्ये ते गेले. इथल्या मुलांची सुरुवात बहुधा १० मीटर एअर पिस्तूलने होते. तिथे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटर रुंद असते. अशा रेंजवर अधूनमधून एखादा निवृत्त जवान, पोलिओ झालेला तरुण, संधिवाताने बोटे आखडलेल्या बाई येतात. पिस्तुलाबरोबर आलेल्या साइट्स त्यांना सोयीच्या नसतील, तर त्या बदलता येतात. मात्र नवी, महागडी साइट म्हणजे चांगली साइट, असे मुळीच नाही.

हात थरथरत असेल किंवा नजर मंद असेल, तर मागची खाच थोडी रुंद घ्यावी. बाजूंचा उजेड वाढला की पट्टी मध्यावर आहे की नाही, हे लवकर कळते. कोपर पूर्ण सरळ होत नसल्याने पिस्तूल चेहऱ्याच्या जवळ धरावे लागत असेल, तर खाच आपोआप मोठी दिसते. अशा वेळी उलट पट्टी रुंद करावी लागते. साइट्समधले अंतर जितके जास्त, तितकी चूक कमी. पण लांब नळीचे पिस्तूल पुढे जड होते आणि कमकुवत मनगट त्या भाराने खाली झुकते. अशा नेमबाजाने आखूड, हलके पिस्तूल घेऊन अचूकता थोडी सोडलेली बरी. दमलेल्या मनगटाची चूक त्याहून मोठी असते.

लाल ठिपक्याची इलेक्ट्रॉनिक साइट ज्येष्ठांना आवडते, कारण ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात. नजर लक्ष्यावर ठेवली की पुरे. डोळ्यात अस्टिग्मॅटिझम असेल तर तो ठिपका धूमकेतूसारखा पसरतो, म्हणून घेण्यापूर्वी आपल्याच डोळ्याने पाहावे. ऑलिंपिक धर्तीच्या पिस्तूल प्रकारांत मात्र तिला मनाई आहे. तिथे उघड्या साइट्सच लागतात आणि भिंग पिस्तुलावर नव्हे, चष्म्यात असावे लागते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर तीही नेमबाजीत प्रतिबंधित आहे, कारण ती हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करते. गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून वैद्यकीय सवलतीचा रीतसर अर्ज करावा.

साइट बसवण्याआधी पिस्तूल रिकामे आहे, याची दोनदा खात्री करायची. खोबणीत सरकवून बसवलेली साइट हलवायला पितळी ठोकणी लागते, लोखंडी हातोडीने कड चेपते. बंदुकीच्या बाबतीत हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. मग टेकूवर हात ठेवून पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यांचा पुंजका पाहायचा. एका गोळीवरून स्क्रू फिरवण्याची घाई बहुतेकांना नडते. पुंजका डावीकडे असेल तर मागची साइट उजवीकडे, खाली असेल तर मागची साइट वर. पुढच्या पट्टीचे सारे उलट. हात बदलला, मूठ बदलली किंवा खुर्चीवर बसून नेम धरायला सुरुवात केली, तरी हे जुळवणे पुन्हा करावे लागते. पिस्तूल तेच असले तरी धक्का घेणारे शरीर आता वेगळे असते.

ताकाचने खेळणे थांबवल्यावर शिकवायला घेतले. त्याच्या काळात अपंग नेमबाजांसाठी वेगळा गट नव्हता. त्याने दोन्ही सुवर्णपदके धडधाकट स्पर्धकांच्या रांगेत उभे राहून मिळवली. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्टमध्ये तो वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटोच्या पॅरालिंपिकमध्ये नेमबाजीचा पहिल्यांदा समावेश झाला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पिस्तूलचे सुवर्ण भारताच्या मनीष नरवालने घेतले. त्याच्या उजव्या हातात जन्मापासून दोष आहे. तोही डाव्या हाताने नेम धरतो.