तुकोबारायांचे दिवाळे आणि इंद्रायणीतली खते

दिंडीला शंभर वर्षे झाली, स्मरणिकेत चार ओळी तुम्हीही लिहा असे मंडळींनी सांगितले. आमची शाळा चौथीपर्यंत, हातात कोयता नाहीतर टाळ, लेखणीची सवय नाही. तरी कीर्तनात जे सांगत आलो तेच लिहितो. गाथेवर बोलणारे पुष्कळ आहेत, आम्ही महाराजांच्या देण्याघेण्यावर लिहिणार.

महाराजांचा जन्म देहूचा, इसवी सन 1608 धरतात. कुळ मोरे, आडनाव आंबिले, जात कुणबी, धंदा वाण्याचा. गावची महाजनकी घरात. शेत होतं, दुकान होतं, सावकारी होती. म्हणजे लोकांकडून येणं असलेलं घर, हे ध्यानात ठेवा. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यांनी कारभार नको म्हटला, म्हणून वडील बोल्होबांनी तो तुकोबांच्या अंगावर टाकला. पोर वयातच. पुढे आईवडील गेले, वहिनी गेली, सावजी तीर्थाला निघून गेले. राहिले तुकोबा, दोन बायका, लेकरू आणि धाकटा भाऊ कान्होबा.

मग 1630 चा दुष्काळ आला. पाऊस गेला, गुरं गेली, माणसं गाव सोडून निघाली. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे हाहाकार. अशा वेळी दुकान चालणार कसं? घेणाऱ्याकडे पैसा नाही आणि उधारी वसूल होत नाही. थोरली बायको रखमाबाई दम्याची, ती अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला. दिवाळं निघालं. बाजारात पत गेली, चारचौघांत मान गेला, आणि ही लाज महाराजांनी स्वतःच अभंगात लपवून ठेवलेली नाही.

महिपतीबुवा ताहाराबादकरांनी महाराजांच्या व्यापाराच्या कथा सांगितल्या आहेत. एकदा महाराज मिरची विकायला कोकणात उतरले. माप गिऱ्हाइकाच्याच हाती दिलं, लोक वाटेल तसं घेऊन गेले. त्या काळी आपली वसई फिरंग्यांच्या ताब्यात होती, आणि मिरचीही मुळात फिरंग्यांनीच या देशात आणली, हे आम्ही कीर्तनात सांगतो तेव्हा पोरं हसतात. दुसऱ्या वेळी धाकट्या पत्नी जिजाईंनी स्वतःच्या नावावर खत लिहून दोनशे रुपये भांडवल उभं केलं. माल विकला, अडीचशे झाले. परत येताना देण्यापायी हाल होत असलेला एक ब्राह्मण भेटला, महाराजांनी सगळी रक्कम त्याला देऊन टाकली. टाळ्या इथे पडतात. पण कर्ज जिजाईंच्या नावावर होतं. त्या कडक बोलत म्हणून लोक त्यांना हसतात, आम्हाला कधी हसू आलं नाही.

यानंतर महाराज भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत गेले, भावाला घेऊन आले. घरात लोकांकडून घेतलेल्या खतांचं दप्तर होतं. तुकोबा म्हणाले ही सगळी इंद्रायणीत सोडू. कान्होबांना ते पटलं नाही, त्यांना प्रपंच करायचा होता. तेव्हा वाटणी झाली. अर्धी खतं कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी महाराजांनी डोहात सोडली. कुळं मोकळी झाली.

लोक इथे चुकतात. महाराजांनी कर्ज बुडवलं म्हणतात, आणि दोन-चार जणांनी बँकेचा हप्ता चुकवायला हाच दाखला आम्हाला ऐकवला आहे. बाबांनो, बुडवलं ते येणं, देणं नव्हे. आणि त्यातही भावाच्या वाट्याच्या कागदाला हात लावला नाही.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. 2021 च्या तौक्ते वादळात आमची केळीची बाग आडवी झाली. वर कर्ज होतं. कोणी सुचवलं, नादारीचा अर्ज करा. वकिलाने समजावलं की 1920 चा नादारीचा कायदा आपल्या भागाला लागू आहे. कोर्ट आपली मालमत्ता ताब्यात घेऊन सावकारांत वाटतं, आणि शेवटी उरलेल्या देण्यातून माणूस सुटू शकतो. आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. निघताना आम्ही सहज विचारलं, जामीनदाराचं काय? ते म्हणाले, तुम्ही सुटाल, जामीनदार सुटत नाही. आमचे जामीन म्हणजे दिंडीतले गुरुबंधू, त्यांच्या घरी तीन लेकरं.

रात्रभर झोप नाही. कान्होबांची अर्धी खतं डोळ्यांसमोर. सकाळी मंडळीला सांगितलं, अर्ज नाही. बँकेत बसून हप्ते लांबवून घेतले, ओढ्याकाठचा तुकडा विकला, अजून थोडं देणं आहे. ज्याच्यामागे जामीन नाही आणि दुसरी वाटही नाही, त्याने मात्र अर्ज करावा, कायदा त्याच्यासाठीच केलाय. त्यात खाली मान घालायचं काही नाही. आमचंही येणं दोन घरांकडे होतं, वादळात त्यांचीही बाग गेली. ते वहीतून काढून टाकलं. घरच्या माणसांना विचारून.

असो, महाराजांकडे वळू. खतं बुडवल्यावर लोकांनी त्यांना मोठं मानलं, असं लगेच झालं नाही. घरात चूल पेटण्याची पंचाईत राहिली. पडलेलं देऊळ त्यांनी स्वतः उभं केलं, कीर्तनात धृपद धरायला उभे राहिले, मग अभंग सुचू लागले. पुढे रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून त्या वह्याही इंद्रायणीत गेल्या, आणि तेरा दिवस महाराज काठावर उपाशी बसून राहिले. खतं सोडताना मात्र असं बसले नव्हते. वह्या तरल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. खतं तरली असं कोणी सांगत नाही.

1650 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज गेले. धाकटे नारायणबाबा तेव्हा जिजाईंच्या पोटात होते. त्यांनीच 1685 मध्ये पालखी सुरू केली, तिच्याच वाटेने आपली दिंडी शंभर वर्षे चालते आहे.

आणि कान्होबा? कीर्तनात एका म्हाताऱ्या आजीने आम्हाला हेच विचारलं होतं, त्या अर्ध्या खतांचं काय झालं. आम्ही गप्प राहिलो. एवढंच सांगू शकलो की तेही पुढे भावाच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले, चौदा टाळकऱ्यांत त्यांचं नाव आहे, आणि भाऊ गेल्यावर त्यांनी जे अभंग केले ते वाचताना आजही आवाज फुटत नाही.