काचेवर उमटलेली माणसे

एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ छायाचित्रकारांमध्ये गणना होणाऱ्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कोलकाता येथे झाला. त्यांचे वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी होते, तर आई फ्रेंच कुळातील होती. त्यामुळे ज्युलिया यांचे शिक्षण बहुतांशी फ्रान्समध्ये, आजीच्या सहवासात झाले. पुढे एका आजारपणानंतर हवापालटासाठी त्या दक्षिण आफ्रिकेतील केप येथे गेल्या. तेथे त्यांची दोन व्यक्तींशी भेट झाली. एक होते विख्यात खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल आणि दुसरे कायदेपंडित चार्ल्स कॅमेरून. वयाने वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या चार्ल्स यांच्याशी १८३८ साली कोलकात्यात त्यांचा विवाह झाला. हर्शेल यांच्याशी जडलेला स्नेहही आयुष्यभर टिकला. छायाचित्रण ही तेव्हा नुकतीच जन्माला आलेली कला होती. तिचे आरंभीचे नमुने ज्युलिया यांना १८४२ मध्ये हर्शेल यांच्याकडूनच पाहावयास मिळाले.

१८४८ मध्ये कॅमेरून कुटुंब इंग्लंडला गेले. १८६० पासून ते वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गावी राहू लागले. कवी टेनिसन हे त्यांचे शेजारी होते. चार्ल्स यांचे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीचे मळे होते. त्यांतील एका मळ्याच्या नावावरून घराला 'डिंबोला' असे नाव देण्यात आले. मुले मोठी झाली होती, पतीला मळ्यांच्या कामासाठी सिलोनला जावे लागे आणि घर रिकामे वाटे. अशा वेळी, १८६३ च्या नाताळात, मुलीने व जावयाने आईचे मन रमावे म्हणून तिला एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळी ज्युलिया ४८ वर्षांच्या होत्या.

त्या काळी छायाचित्र काढणे हे कष्टाचे काम होते. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरावे लागे. मग ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. हात व कपडे काळे पडत. ज्युलिया यांना शिकवणारे कोणी नव्हते. त्यांनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात चित्रे घेण्यास प्रारंभ केला. अनेक काचा वाया गेल्या. अखेर जानेवारी १८६४ मध्ये ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र मनासारखे उतरले. तेच आपले पहिले यश असे त्या मानत.

त्या काळातील व्यावसायिक छायाचित्रकार लहान आकाराची, रेखीव चित्रे काढीत. कपड्यांच्या चुण्या, खुर्चीची नक्षी, मागचा रंगवलेला पडदा, सारे काही स्पष्ट दिसणे हीच उत्तम चित्राची खूण मानली जाई. ज्युलिया यांनी मात्र कॅमेरा माणसाच्या जवळ नेला. गडद पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा उजेड आणि चौकट व्यापणारा चेहरा, एवढेच त्यांनी ठेवले. समोरच्या माणसाला कित्येक मिनिटे स्थिर बसावे लागे. त्या अवधीत तो किंचित हले आणि चित्रातील कडा मृदू होत. भिंग जुळवताना चेहरा सुंदर दिसू लागला की त्या तेथेच थांबत. आणखी स्पष्टतेसाठी खटपट करीत नसत. काचेवरील ओरखडे, डाग, बोटांचे ठसे यांमुळेही त्यांनी चांगले चित्र टाकून दिले नाही.

छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी यावर कठोर टीका केली. त्यांच्या दृष्टीने हे अज्ञान व निष्काळजीपणा होता. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. अनेक दोष अननुभवातूनच आले होते. तथापि ज्युलिया यांनी आपला मार्ग सोडला नाही. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. १८६६ मध्ये बर्लिन येथे त्यांना सुवर्णपदक मिळाले.

१८६७ मध्ये त्यांनी वृद्ध हर्शेल यांचे चित्र घेतले. अंधारातून उजळलेले पांढरे विस्कटलेले केस आणि खोल डोळे यांत एका थोर शास्त्रज्ञाचे सारे आयुष्य दिसते. डार्विन, कार्लाइल, टेनिसन हेही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. त्याच उजेडात त्यांनी आपल्या घरातील मोलकरीण मेरी हिलिअर हिला बसवले आणि तिच्या रूपात मरिआमातेची चित्रे साकारली.

छायाचित्रांच्या विक्रीतून संसाराला हातभार लागावा, अशी त्यांची अपेक्षा होती, परंतु ती पुरेशी सफल झाली नाही. १८७५ मध्ये पतीसह त्या सिलोनला गेल्या. तेथेही त्यांनी मळ्यांवरील कामकरी स्त्री-पुरुषांची काही चित्रे घेतली. त्यांतील बहुतेकांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत. थोरांची नावे उरली आणि श्रमिकांचे केवळ चेहरे उरले, ही त्या काळाची मर्यादा त्यांच्या कामातही दिसते. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच त्यांचे निधन झाले.

अवघ्या पंधरा वर्षांत त्यांनी सुमारे ९०० छायाचित्रे घडवली. १९२६ मध्ये त्यांच्या भाचीची मुलगी, प्रसिद्ध लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी त्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले आणि नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. ज्या काचांवरील डागांसाठी त्यांना बोल लावण्यात आला, त्यांवरून उतरवलेली चित्रे आज मोठमोठ्या संग्रहालयांत जपलेली आहेत. साधने आणि कौशल्य यांचे मोल मोठेच आहे. परंतु समोरच्या माणसाविषयी मनात आस्था असेल, तरच त्या साधनांतून माणूस उमटतो, हे ज्युलिया यांच्या कार्यावरून कळते. शिवाय नवे काही शिकण्यास ४८ वे वर्षही उशिराचे नसते, हेही त्यांच्या जीवनातून दिसून येते.