एकलव्य

केशवराव भोळे आपल्या विदर्भातील, अमरावतीचे. त्यांचा जन्म १८९६ साली झाला. डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईला गेले, पण त्यांचा जीव गाण्यात अडकला होता. अखेर वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते नाटक मंडळीत शिरले. डॉक्टरकीचा मान कोठे आणि नाटकवाल्यांचे फिरते बिऱ्हाड कोठे! पण केशवराव मागे फिरले नाहीत.

पुढे 'वसुंधरा' साप्ताहिकात ते गायकांवर लेख लिहू लागले. लेखाखाली त्यांचे नाव नसे. उर्दू शायर जसे तखल्लुस घेतात, तसे त्यांनी 'एकलव्य' हे टोपणनाव घेतले होते. एकलव्य हा महाभारतातील निषाद मुलगा. द्रोणाचार्यांनी त्याला शिकवण्यास नकार दिला, तेव्हा त्याने त्यांचा मातीचा पुतळा केला आणि रानात एकट्याने धनुर्विद्या शिकली.

तो काळ मोठ्या गवयांचा होता. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहत, अल्लादिया खाँ मुंबईला. मैफली रात्र रात्र चालत. त्या वेळी टेपरेकॉर्डर नव्हता. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांत संपे. ऐकलेले गाणे कानात साठवायचे आणि मग कागदावर उतरवायचे, एवढाच मार्ग होता. 'खाँसाहेब छान गायले' एवढे लिहून भागत नसे. आवाज कसा लागला, सूर कोठे ठरला, तान कशी आली, लय कोठे सुटली, हे वाचकाला समजेल अशा शब्दांत सांगावे लागे. शिवाय दोष दाखवला की गायक आणि त्याचे चाहते नाराज होणार, हे ठरलेलेच. नुसती स्तुती लिहिणे किती सोपे असते!

लोकांच्या गाण्यात उणे काढणाऱ्याला 'मग तुम्हीच करून दाखवा' असे कोणीही म्हणू शकतो. केशवरावांनी करून दाखवले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नवे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे संगीत त्यांचे होते. या नाटकात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, आणि त्यांत केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई होत्या. आधीच्या संगीत नाटकांत गाण्यांची रेलचेल असे. येथे गाणी मोजकी आणि भावगीतासारखी होती.

त्यानंतर ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत गेले. 'अमृतमंथन', 'कुंकू', 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटांना त्यांचे संगीत आहे. पण सर्वांत गाजला तो १९३६ चा 'संत तुकाराम'. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील एक अभंग तुकारामांचा नाही. तो शांताराम आठवले यांनी लिहिला आहे. केशवरावांनी त्याला अशी साधी, भजनी चाल दिली की पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला. गाथेत शोधूनही तो सापडत नाही.