कॉल सेंटरला माणसं किती लागतात, याचं गणित १९१७ सालीच एका माजी मास्तरनं सोडवलं होतं

डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावात १८७८ साली आग्नर क्रारुप एर्लांग जन्मला. आधी शाळेत मास्तरकी केली, मग १९०८ साली गडी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. गणितज्ञ असूनही केबलमधला करंट मोजायला रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये स्वतः उतरायचा. मागं शिडी घेऊन एक कामगार.

कंपनीपुढं पेच होता पैशाचा. दोन एक्सचेंजमध्ये लाईनी जास्त टाकल्या तर खर्च परवडेना, कमी टाकल्या तर फोन लागेना. मग टाकायच्या तरी किती?

एर्लांगनं १९१७ साली याचं सूत्रच दिलं. समजा १० लाईनी आहेत आणि लोड सरासरी ५ कॉलचा. तर हजारात साधारण १८ कॉल अडणार. आता असे दोन गट एकत्र करा. लाईनी २०, लोड १०. अडणारे कॉल? हजारात फक्त २! लाईन एकही वाढवली नाही, नुसत्या वाटून घेतल्या.

ब्रिटिश पोस्ट खात्यानंही हे सूत्र उचललं. एर्लांग मात्र १९२९ साली ५१ व्या वर्षीच गेला. पुढं १९४६ मध्ये टेलिफोन ट्रॅफिक मोजायच्या एककाला नाव मिळालं, एर्लांग.