माळ्याच्या घरातले जोतिबा

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्या वर्गात त्यांचा फोटोपण आहे. पण ते बागाईत करायचे हे खूप जणांना माहीत नसते. म्हणून मी तेच लिहिते.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे. आडनाव आधी गोऱ्हे होते. पुण्याला आल्यावर घरात फुलांचा धंदा सुरू झाला, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडिलांचे नाव गोविंदराव आणि आईचे चिमणाबाई. जोतिबा अगदी लहान असतानाच आई वारली. मग सगुणाबाईंनी त्यांना वाढवले.

जोतिबा शाळेत हुशार होते. पण लोकांनी वडिलांच्या मनात भरवले की माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे. वडिलांनी शाळेतून नाव काढले आणि मुलाला मळ्यात घातले. आपल्याकडेपण दिवाळी झाली की काही मुले आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात. आमच्या वर्गातली एक मुलगी गेली ती होळीला आली. तिचे पाढे सतरावरच थांबलेत. आलेल्या पालकांनी हे वाचावे.

मळ्यातले काम सोपे नसते. माझे आजोबा वाडीत काम करतात, म्हणून मला माहीत आहे. रोप उपटले की मुळे उघडी पडतात. केळीचे मुनवे तर मातीशिवायच आणतात. उघड्या मुळांना ऊन-वारा लागला की ती सुकतात. मग कितीपण पाणी घाला, रोप जगत नाही. म्हणून आजोबा ती ओल्या गोणपाटात गुंडाळतात. मोडलेली मुळे कोयत्याने छाटतात. खड्डा मे महिन्यातच खणून त्यात शेणखत टाकलेले असते. पाऊस लागला की संध्याकाळी रोप लावायचे आणि माती पायाने दाबायची, म्हणजे आत पोकळ राहत नाही. माझा पेरू मेला, कारण मी रोप ओट्यावर ठेवून खेळायला गेले. यंदा दुसरा लावलाय. त्याला तीन नवीन पाने आलीत.

जोतिबा दिवसभर मळ्यात राबायचे आणि रात्री दिव्याजवळ वाचायचे. शेजारी गफारबेग मुन्शी आणि लेजिटसाहेब राहात होते. त्यांनी हे पाहिले आणि वडिलांची समजूत घातली. १८४१ साली जोतिबा परत शाळेत गेले. त्या दोघांनी समजूत घातली नसती तर काय झाले असते कोण जाणे!

पुढे त्यांनी पत्नी सावित्रीबाईंना शिकवले. आंब्याच्या झाडाखाली मातीत काडीने अक्षरे काढून शिकवले असे सांगतात. १८४८ साली दोघांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यासाठी त्यांना घर सोडावे लागले. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला.

ते ठेकेदारीपण करायचे. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. पुण्याजवळ मांजरीला त्यांची जमीन होती. तिथे त्यांनी बागाईत केली. १८८३ साली शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहिले. डोंगरउतारावर बांध घाला म्हणजे पाणी मुरेल, माती वाहून जाणार नाही, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, असे त्यात आहे. आपल्या डोंगराला अजून असे बांध नाहीत.

१८८८ साली मुंबईला मोठ्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात चालेना, तर ते डाव्या हाताने लिहू लागले आणि एक अख्खे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात ते वारले. ते पुस्तक सार्वजनिक सत्यधर्म. ते १८९१ साली छापून आले, तेव्हा बघायला जोतिबा नव्हते.

इयत्ता ४ थी